मोटारगाडीच्या रंगलेपाची निगा

मोटारगाडीच्या पोलादी पत्र्याचे गंजण्यापासून रक्षण करणारा व तिला शोभा आणणारा रंगलेप दीर्घकाळ टिकावा म्हणून घरच्या घरी करावयाच्या उपायांचा यात समावेश होतो.

रचना : आधुनिक गाडीच्या पत्र्यावर सामान्यतः फॉस्फेटाचा थर, गंजरोधक अस्तर, मधला लेप, रंगद्रव्ययुक्त लेप व सर्वांत वर पारदर्शक लेप असे थर असतात. त्यांची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = १/१,००० मिमी.) व पारदर्शक लेपाची सु. ४० ते ५० मायक्रोमीटर असते. जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांपासून रंगाचे रक्षण मुख्यतः हाच लेप करतो. झिजलेला लेप आपोआप भरून येत नाही. म्हणून कमीत कमी घर्षण हे निगेचे मूलतत्त्व होय.

हानीची कारणे : धुळीतील क्वॉर्ट्‌झाचे कण (मोस कठिनता ७) लेपापेक्षा पुष्कळच कठीण असतात. रोज सुक्या फडक्याने गाडी पुसल्यास हे कण लेपावर घासले जाऊन असंख्य सूक्ष्म ओरखडे पडतात व चकाकी मंदावते. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक उन्हात तापलेल्या लेपावर राहिल्यास कायमचे डाग पडतात. ते लगेच भिजवून अलगद काढावेत. विंधन विहिरीचे कठीण पाणी अंगावरच वाळल्यास क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

धुणे : गाडी सावलीत व पत्रा थंड असताना धुवावी. प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. नंतर उदासीन (अम्लीय वा क्षारीय नसलेल्या) साबणद्रावात भिजविलेल्या मऊ कापडाने टपापासून खाली पुसत यावे. कापड खळबळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी. चाके शेवटी, वेगळ्या कापडाने धुवावीत. भांड्यांच्या साबणाने मेणाचा थर निघून जातो. शेवटी पाणी मऊ, शोषक कापडाने टिपून घ्यावे.

मेण व पॉलिश : या दोहोंत अनेकदा गल्लत होते. मेण लेपावर तात्पुरता संरक्षक थर चढविते, ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण (वितळबिंदू ८२°–८६° से.) यासाठी प्रसिद्ध आहे. ते काही आठवड्यांनी पुन्हा लावावे लागते. याउलट पॉलिशमधील अपघर्षक द्रव्य पारदर्शक लेपाचाच अंश घासून काढते. त्यामुळे ते क्वचितच वापरावे. नखाला जाणवणारा ओरखडा पॉलिशने घालविण्याचा प्रयत्न करू नये. पत्रा उघडा पडला असल्यास गंज खरवडून त्यावर अस्तर, रंग व पारदर्शक लेप क्रमाने द्यावेत. समुद्रकिनाऱ्यावरील खारट हवेत अशी दुरुस्ती विनाविलंब करणे आवश्यक असते. अन्यथा गंज लेपाखाली पसरत जाऊन भोवतालचा रंगही सुटू लागतो.