पळसदेवच्या काठावरून बिनतारी

दुष्काळी उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवच्या बुडालेल्या गावातलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. मग लांबलांबून माणसं येतात, गाड्या वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गाळात उतरवतात आणि रुतवून घेतात. पलीकडे करमाळा तालुका. पाण्यावरून जवळ, रस्त्याने मोठा वळसा.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक पोहून काठाला लागला. बोटीत बिनतारी संच असता तर, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला. खरं उत्तर असं की क्षणात उलटणाऱ्या बोटीतल्या माणसाला जीवरक्षक जाकीट वाचवतं, रेडिओ नाही. पण त्या प्रश्नामुळेच मी हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम रेडिओच्या वाटेला लागलो.

आपल्या भागाला बिनतारी नवी नाही. १९२७ साली इंग्लंडशी लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला आणि झेलणारं दौंडला होतं. साहेबाच्या तारा दौंडच्या माळावर उतरत होत्या, हे आज तिथल्या किती जणांना ठाऊक असेल!

मोबाइलही रेडिओच आहे. पण या काठावरून त्या काठाला केलेला फोन टॉवर, केबल आणि कंपनीची यंत्रणा असा फिरून जातो. त्यातला एक दुवा तुटला, टॉवरची वीज गेली, की शेजारचा माणूसही दुरावतो. हॅमचा आवाज एका संचातून थेट दुसऱ्यात जातो.

मात्र किती लांब? विकणारे खोक्यावर वाटेल तो आकडा छापतात. हातातला संच बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईमागे त्यांची साथ सुटते. हिशेब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि ४.१ ने गुणायचं. दोघं काठावर दीड-दीड मीटरवर संच धरून उभे असतील, तर फार तर दहा किलोमीटर. एकाची अँटेना नऊ मीटर उंच गच्चीवर नेली, तर सतरा. संचाची ताकद दुप्पट केल्याने होत नाही ते जिना चढल्याने होतं. वाटेत उसाचा फड, बाभळी किंवा टेकाड आलं की हे आकडेही घटतात. सह्याद्रीत जीप घळीत अडकली, तर संच घेऊन धारेवर चढावं लागतं. गाडीत बसवायचा मोठा संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. टपावर अर्ध्या मीटरची उभी अँटेना पुरते, कारण या लहरीची लांबी दोन मीटर आणि तिचा चौथा हिस्सा अर्धा मीटर.

जिल्ह्याबाहेर बोलायचं तर ७ मेगाहर्ट्झचा पट्टा. त्याला वीस मीटर तार लागते. ती फार उंच न बांधता आडवी ताणली, तर लहर वर जाते, आयनांबरावरून परतते आणि डोंगरापलीकडेही उतरते.

आता कागदपत्रं. संच आधी घेऊ नका. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. त्याआधी रेडिओचं तंत्र आणि नियम यांवर परीक्षा असते. बारा वर्षांचं पोरही ती देऊ शकतं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. पास झाल्यावर 'व्हीयू'ने सुरू होणारं बोधचिन्ह मिळतं आणि हवेत तेच आपलं नाव. धंद्याची बोलणी, सांकेतिक भाषा, गाणी, सगळं वर्ज्य. परवान्याविना नुसतं ऐकत शिकता येतं, पण बोलण्याचं बटण दाबणं गुन्हा. मित्रांच्या दोन गाड्यांना एकमेकींशी बोलायचं असेल, तर ४४६ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे मान्यताप्राप्त संच विनापरवाना चालतात. अनेकांचं काम तेवढ्यात भागतं. मला वाटतं, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

आणीबाणीत हॅम कामी येतात ते आधीपासून बोलत असतात म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ते तिथे पोहोचले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद छंदाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. त्सुनामी आली तेव्हा अँटेना उभी होती आणि जगभरचे कान त्या बोधचिन्हाच्या शोधात होते. बेटावरच्या माणसांची खुशाली मग त्याच संचावरून मुख्य भूमीवर पोहोचू लागली. तोच संच पेटीत बंद असता, तर आधी चार्जर शोधावा लागला असता.

म्हणून मी एक वही ठेवली आहे. दर रविवारी सकाळी नव्या जागेवरून हाक द्यायची आणि निकाल लिहायचा. गच्ची: स्वच्छ. महामार्गाचा पूल: स्वच्छ, ट्रकचा गोंगाट. उसाचा फड: काही नाही. मंदिराजवळचा गाळ, गाडीत बसून: तुटक. तिथेच, टपावर उभं राहून: समजलं.