वेस्टर्नची माणसं (भाग ७) : म्होरक्याचा उजवा हात

मागच्या भागात टोळीचा म्होरक्या पाहिला. आज त्याच्या मागे उभा असलेला माणूस. तो फारसा बोलत नाही. म्होरक्याने नुसती मान हलवली की याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे जातो. वेस्टर्नमधली खरी दहशत याचीच असते, असं माझं ठाम मत आहे. म्होरक्याला निदान जमीन हवी असते, पैसा हवा असतो, सूड हवा असतो. याला स्वतःसाठी काहीच नको असतं, मग त्याला थोपवायचं तरी कशाने?

१९५३चा 'शेन' सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना जॅक पॅलन्सचा विल्सन विसरता येणार नाही. गुरांचा बडा मालक रायकर याला छोट्या शेतकऱ्यांना हुसकून लावायचंय, म्हणून विल्सनला बोलावलेलं. टोरी नावाचा गरम डोक्याचा शेतकरी चिखलातून घसरत, तोल सावरत येतो. विल्सन वर, लाकडी फळ्यांच्या कोरड्या ओट्यावर. तो सावकाश हातमोजा चढवतो, टोरीला डिवचतो, त्याचा हात पिस्तुलाला लागेपर्यंत थांबतो आणि मग गोळी घालतो. आधी हात कुणी घातला? टोरीने. म्हणजे कायदाही सांभाळला, मालकाचं कामही झालं.

ही माणसं लेखकांनी हवेतून काढली नव्हती. एप्रिल १८९२मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन परगण्यात बड्या पशुपालकांनी टेक्सासहून बंदूकबाज आणले. दिवसाला पाच डॉलर आणि मारलेल्या माणसामागे पन्नास डॉलर वर, असा दर त्या वेळी सर्वतोमुखी होता. गावकऱ्यांनी त्यांना एका गोठ्याच्या वस्तीत कोंडलं, तेव्हा सरकारी घोडदळ येऊन त्यांची सुटका झाली. मालकासाठी मरायला त्यातला कुणी पुढे झाला नाही. वेस्टर्न कथा हा रोजाचा हिशेब झाकते आणि त्या जागी इमान दाखवते.

आपल्या मन्याड खोऱ्यातल्या वाचकांना हा माणूस परका वाटू नये. निजामाच्या मुलखात अरब आणि रोहिले हेच काम करत. जमादाराच्या हाताखाली तुकडी, ज्याचा पगार त्याची चाकरी. सावकाराची वसुली थकली की कुळाच्या दारात हत्यारबंद अरब आणून बसवायचा, हा तर रिवाजच पडला होता. १८५३मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाला त्यांना आवरताना बराच जोर लावावा लागला. १८१८मध्ये मालेगावात तर उलटंच झालं. भुईकोट किल्ला राजेबहाद्दरांचा, पण आतले अरब इतके शिरजोर झाले होते की धनीच त्यांच्या मुठीत सापडला.

'शोले'तला कालिया आठवा. विजू खोटे या आपल्या मराठी नटाने तो रंगवला. कालिया पराभूत होऊन परततो, खाल्ल्या मिठाची आठवण देतो आणि तरीही मरतो. गब्बर किती क्रूर आहे हे ठाकूरच्या हातांआधी आपल्याला कालियाच्या मरणातून कळतं. हस्तकाचं इमान कथेत बहुतेक वेळा असंच खर्ची पडतं.

पण नांदेड जिल्ह्यातच एक असा प्रसंग आहे, जिथे ही सगळी गणितं अपुरी पडतात. हटकरांचे नौसाजी नाईक निजामाविरुद्ध उठले. सरकारी दप्तरात ते बंडखोर लुटारू, त्यांच्या लोकांत वीर. हदगावच्या बाजूला नाव्ह्याचा किल्ला त्यांचा. ८ जानेवारी १८१९ रोजी इंग्रज अधिकारी मेजर पिटमनने निजामाची रसेल ब्रिगेड घेऊन त्याला वेढा घातला. आत अरबांची पाचेकशे शिबंदी. खंदक खणत, तोफा पुढे सरकवत तीन आठवडे लोटले. ३१ तारखेला तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत घुसली आणि चारशेहून जास्त अरब तिथेच कापले गेले.

पगारासाठी आलेली ही माणसं, ना हटकर, ना इथल्या मातीची. नौसाजींना निजामाकडून काय हवं होतं याच्याशी त्यांना देणंघेणं असायचं कारण नव्हतं. पगार कुणी मरणापर्यंत घेत नाही. एकमेकांसमोर जमादाराची आणि आपली लाज राखायची म्हणून ते उभे राहिले असावेत, असं मला वाटतं. ती निष्ठा धन्यापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी होती. वेस्टर्न लेखकांनी हस्तकाला नेहमी एकटा रंगवला, त्यामुळे ही बाजू त्यांच्या हातून सुटली.

जिंकणाऱ्यांची आठवण कंपनी सरकारने नीट ठेवली. १८५१मध्ये जाहीर झालेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकावर नाव्ह्याच्या नावाची स्वतंत्र पट्टी आहे.

पुढच्या आठवड्यात : पैसे घेऊन कायदा राखणारा, म्हणजेच शेरीफ.