विंचवाचा ठणका आणि सोडियमची वाट

पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या पारशिवनी तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरताना किंवा गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना विंचू डसतो आणि पुढची सारी रात्र ठणक्यात जाते. हा ठणका ज्या यंत्राच्या बिघाडातून येतो, ते मज्जातंतूच्या पातळ आवरणात बसलेले असते. सोडियम चॅनेल हे त्याचे नाव. हे प्रथिन क्षणभर उघडते, सोडियमचे आयन आत घुसतात, विजेचा झटका तंतूभर धावतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात वाट पुन्हा बंद होते. लाल विंचवाच्या विषातली काही प्रथिने ही वाट वेळेवर बंदच होऊ देत नाहीत, त्यामुळे तंतू एकसारखा खबर देत राहतो. हेच विष रक्तात पसरले की स्वायत्त मज्जातंतू पेटून उठतात आणि हृदयावर घाला येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची पूर्वचिन्हे नोंदवली. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनने जीव वाचतो, पण ठणका तसाच राहतो. नेमक्या चॅनेलवर काम करणारी नवी वेदनाशामके या ठणक्यासाठी आधी तपासायला हवीत, असे माझे ठाम मत आहे.

नेमकेपणाचा एवढा आग्रह का, हे जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनकडे पाहिले की कळते. डसल्या जागी त्याचे इंजेक्शन दिले की आराम पडतो, पण तासा-दोन तासांत असर उतरतो आणि पुन्हा सुई टोचावी लागते. ते जास्त प्रमाणात अंगभर पसरू देणे धोक्याचे, कारण ते सगळ्याच सोडियम चॅनेलना अडवते. या घराण्यात १.१ ते १.९ अशा क्रमांकांची नऊ भावंडे आहेत. १.५ हृदयात, १.४ स्नायूंत, १.१ आणि १.२ मेंदूत, वेदनेच्या तंतूंत मुख्यतः १.७, १.८ आणि १.९. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत १.७चे जनुक निकामी असलेल्या मुलांना जन्मतःच वेदना कळत नाही, हे २००६ मध्ये उजेडात आले आणि औषध कंपन्या १.७च्या मागे लागल्या. फायझरचे औषध मधुमेही रुग्णांच्या चाचणीत अपेक्षेइतके उतरले नाही, इतरांचीही निराशा झाली. त्यावरून ही वाटच चुकीची, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा होता. अमेरिकेच्या वाळवंटात विंचू खाणारा एक उंदीर आहे. विंचवाचे विष १.७ला चेतवते, पण या उंदराच्या १.८ला तेच विष अडवते, म्हणून खबर पुढे जात नाही. हे २०१३ मध्ये दाखवले गेले. वेदना सुरू एका चॅनेलवर होते आणि पुढे वाहून दुसरा नेतो, हे या उंदराने जितके स्वच्छ दाखवले तितके फार थोड्या प्रयोगांनी दाखवले असेल.

व्हर्टेक्स कंपनीचे सुझेट्रिजिन हे औषध नेमके १.८लाच धरते, इतर भावंडांपेक्षा त्याची पकड ३१ हजार पटींहून अधिक. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत त्याला तीव्र वेदनेसाठी मंजुरी मिळाली. त्यावरचे आक्षेप खरे आहेत. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉल या अफूच्या जातीच्या औषधापेक्षा ते सरस ठरले नाही, आणि कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या चाचणीत नकली गोळीनेही जवळपास तेवढाच आराम दिला. पण ज्या देशात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फीन खेड्यापाड्यांतून जवळपास नाहीसे झाले आणि २०१४च्या दुरुस्तीनंतरही पुरते परतले नाही, तिथे व्यसन न लावणाऱ्या औषधाने अफूच्या जातीच्या औषधाशी बरोबरी केली तरी ती मोठी गोष्ट आहे. वेदना दबली तर हृदयावरचे संकट लपेल, ही दुसरी शंका अधिक गंभीर. तिचे उत्तर बावस्करांच्या निरीक्षणात आहे: त्यांनी सांगितलेली धोक्याची चिन्हे घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही आहेत, ठणका नव्हे. २०२५ मध्ये ठरलेला एका गोळीला साडेपंधरा डॉलर, म्हणजे सुमारे तेराशे रुपये, हा भाव मात्र पारशिवनीच्या शेतमजुराला झेपणारा नाही. तरी दीर्घ आजारात महिनोन्‌महिने घ्यायच्या औषधाचा हिशेब इथे लागू होत नाही. सुरुवातीला दोन गोळ्या, मग बारा तासांनी एक. विंचवाचा ठणका बहुधा दिवसाभरात ओसरतो, म्हणजे तीन-चार गोळ्यांचा प्रश्न. एवढ्या गोळ्या सरकारने विकत घेऊन लिग्नोकेनच्या बरोबरीने विदर्भ-कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयांत त्यांची रीतसर चाचणी घ्यावी. प्राझोसिनचा अभ्यास महाराष्ट्रातल्या छोट्या रुग्णालयांतूनच उभा राहिला होता.