फेन्स नवी, तरी फळी जळते

श्रावण लागला की आमच्या कोकणातल्या मसुऱ्यात सुतारांकडे गणपतीचे पाट, माटव्या, मखरं यांची घाई उडते. नेमकी तेव्हाच टेबल सॉवरून निघणाऱ्या फळीची कड काळी पडायला लागते. निदान तयारच असतं: फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची आडवी पट्टी, गेली, नवी घाला. नवी येते, पैसे जातात आणि फळी पूर्वीसारखीच जळते.

फेन्स टेबलाच्या कडेशी जुळवायची, हा त्यामागचा सर्वांत मोठा गैरसमज. कडेचा कापाशी काही संबंध नाही. खरा आधार म्हणजे माइटर गेज सरकतो ती टेबलातली खाच. आधी पातं खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला. हा क्रम चुकला तर कितीही महागडी फेन्स आणा, उपयोग शून्य.

पातं तपासायला फार काही लागत नाही. एका दातावर खडूची खूण करा. तो पुढे आणून खाचेपासूनचं अंतर सरकत्या पट्टीच्या गुण्याने घ्या. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा, म्हणजे पात्यातला थोडा बाक मापात शिरत नाही. फरक 0.1 मिमी, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतका असेल तर ठीक. जास्त असेल तर टेबलाखाली पात्याचा आधार धरणारे बोल्ट सैल करून तो सरकवा. मोठ्या कॅबिनेट मशीनला मात्र टेबलच सरकवावं लागतं.

फेन्स मागून पात्याकडे जरा वळलेली बरी, फळी धरून राहते, असं सांगणारेही भेटतात. हे मात्र जिवावर बेतू शकतं. मागचे दात टेबलातून वर येत असतात. फळी तिथे चेपली की ते ती उचलून तुमच्या अंगावर भिरकावतात. मिनिटाला 4000 फेरे घेणाऱ्या 10 इंची पात्याच्या दातांचा वेग ताशी 190 किमीच्या घरात जातो. फेन्स मागे केसभर उघडी चालेल, आत वळलेली मुळीच नको.

फेन्स जितकी लांब तितका काप सरळ, हेही प्लायपुरतंच खरं. नीट न वाळलेलं फणसाचं लाकूड चिरताना आतला ताण सुटतो, फळी फाकते किंवा पात्यामागे मिटते. फाकलेल्या फळीला लांब फेन्स पात्यावर दाबते. अशा वेळी फेन्सला पात्याच्या मध्यापर्यंतच येणारी पट्टी क्लॅम्पने लावावी. मिटणाऱ्या फळीसाठी पात्यामागची राइव्हिंग नाइफ आहे. अडचण होते म्हणून ती काढून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

पातं बदललं की फेन्सच्या मापपट्टीवरचं मापही बदलतं. 3.2 मिमी काप घेणाऱ्या पात्याजागी 2.2 मिमीचं लावलं तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. मापपट्टीचा काटा नव्याने जुळवा. आणि पावसाळ्यात एमडीएफचा दर्शनी भाग असलेली फेन्स आमच्या हवेत फुगते, ॲल्युमिनियमची घ्या.

हे सगळं प्लग काढूनच करा. लाइट गेली म्हणून मशीनला हात घालू नका: बटण चालूच राहिलं असेल, तर लाइट येताच साधं मशीन आपोआप फिरायला लागतं.