ताप आणि पुरळ असेल, तर गोचीड आठवा

वर्तकनगरमधून पोखरण रस्त्याने उपवन तलावाकडे, येऊरच्या पायथ्याशी सकाळी फिरायला जाणाऱ्यांत कुत्रा सोबत नेणारे बरेच असतात. कुत्रा गवतात लोळतो, भटक्या कुत्र्यांत मिसळतो आणि कानामागे किंवा पायाच्या बोटांमध्ये गोचीड घेऊन घरी येतो. घरातले कोणीतरी ती नखाने उपटते, चिरडते आणि विसरून जाते. हे विसरणे महागात पडू शकते.

कुत्र्यांच्या अंगावर आढळणारी तपकिरी गोचीड घरातही मुक्काम करते. भिंतीच्या भेगांत, कुत्र्याच्या अंथरुणाजवळ ती अंडी घालते. तिच्यामुळे कुत्र्याला ‘एर्लिकिया’ या जिवाणूचा संसर्ग होतो. ताप येतो, खाणे सुटते, प्लेटलेट्स घटतात, कधी नाकातून रक्त येते.

माणसाला याच गोचिडीपासून ‘इंडियन टिक टायफस’ होऊ शकतो. भारतातील अशा तापाची नोंद मेगॉ यांनी १९१७ मध्येच केली होती. त्याचा जिवाणू ‘रिकेट्सिया’ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो. सुरुवातीला जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी असते. काही दिवसांनी पुरळ येते. ते हातापायांवर सुरू होऊन तळहात आणि तळपायांवरही दिसते. कुत्र्याला हात लावल्याने हा आजार होत नाही. तो गोचिडीच्या चाव्यातून किंवा ती चिरडताना तिचे द्रव जखमेत, डोळ्यांत गेल्याने होतो.

अडचण निदानाची आहे. पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट्स दिसले की डेंग्यूची शंका येते. मलेरिया, डेंग्यूच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या तरी ‘व्हायरल’ म्हणून दिवस जातात. गोचीड चावल्याचे अनेकांना कळतच नाही, कारण चावा दुखत नाही. ‘वेल-फेलिक्स’ ही जुनी, स्वस्त चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा निगेटिव्ह येते. अशा वेळी चाचणीची वाट पाहणे धोक्याचे ठरते. उशीर झाल्यास मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडांवर परिणाम होऊन रुग्ण दगावू शकतो.

उपचार मात्र साधा आहे. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले की साधारण ४८ तासांत ताप उतरू लागतो. लहान मुलांनाही त्याचा अल्प कोर्स देता येतो. पेनिसिलिन गटातील नेहमीची अँटिबायोटिक्स इथे निरुपयोगी ठरतात. विदर्भात २०१८ मध्ये उद्रेक झालेल्या स्क्रब टायफसवरही हेच औषध चालते. तो गोचिडीच्या नात्यातल्या बारीक किड्यांमुळे होतो. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, विशेषतः गर्भवतींनी.

गोचीड काढताना चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी. रॉकेल ओतणे, चटका देणे, नखांनी चिरडणे टाळावे. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत. कुत्र्याला पशुवैद्यकांच्या सल्ल्याने गोचीडनाशक द्यावे, अंथरूण गरम पाण्याने धुवावे, भेगा बुजवाव्यात.

आणि तापासाठी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही, तरी दोन वाक्ये आपणहून सांगावीत: घरात कुत्रा आहे, त्याच्या अंगावर गोचीड होती. योग्य औषध वेळेवर सुरू व्हायला कधी कधी तेवढी माहिती पुरते.