दोष बॅटरीचा की चार्जरचा?

ई-रिक्षा चार्ज होईना की नागपूरचा चालक दुकानात जातो आणि 'चारही बॅटऱ्या बदला' हे ऐकून कर्ज काढतो. आमचे म्हणणे, आधी मोजा. लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच ४८ व्होल्टचा. चार्जर जोडताच विद्युत्‌दाब चढू लागला पाहिजे. शेवटी तो ५५च्या पुढे जातो. हललाच नाही, तर चार्जर, फ्यूज किंवा गंजलेले टर्मिनल पाहावे. बॅटरीला बोल लावू नये.

चढत असेल, तर पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, काही तासांनी प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजावी. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, एकूण १२.६. एखादीच १०.५ दाखवीत असेल तर तिचा एक सेल मेला असे बहुधा समजावे. चार्जरला हे कळत नाही! तो एकूण दाब पाहतो आणि तूट उरलेल्या तिघींवर लादतो. (टोळीत एक हमाल आजारी पडला की ओझे असेच वाटले जाते.) त्या तापतात, त्यांचे पाणी उडते. वेळीच सापडली तर एकीवर भागते. उशीर झाला की चारही जातात. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, तेव्हा पाणी फारच लवकर आटते. डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे नव्हे.

मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. स्टँडवर सामाईक एक पुरे. दुकानात जाताना चारही आकडे कागदावर लिहून न्यावेत.