तंजावरच्या उन्हात कूलंट कधी बदलायचा?

तंजावरला पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी ही पोस्ट. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळतं, तर त्यातली इतर रसायनं गंज रोखतात. ही रसायनं हळूहळू संपतात. म्हणून टाकी भरलेली दिसली तरी मुदत पाळा.

🔹 जुन्या प्रकारचा कूलंट साधारण 2 वर्षं, लाँग लाइफ साधारण 5. अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.
🔹 तांबूस गाळ दिसला तर मुदतीची वाट पाहू नका. तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटही तपासून घ्या.
🔹 रंगावरून प्रकार ठरवू नका.
🔹 बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा.
🔹 इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

मे महिन्यातलं अग्निनक्षत्र लागण्याआधी एकदा तपासून घ्याच!